‘करण्यात आले’ : एम पूर्व वॉर्डाचं व्याकरण

गेल्या वर्षी ऑफिसमध्ये माझ्याकडे एक फुटकळ काम आलं. एका कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी आम्ही मोबाइल ॲप बनवत होतो आणि त्यातले सगळे मेसेज मराठीत करायचे होते. टीममध्ये बरं मराठी लिहिणारा मी एकटाच, म्हणून ती फाइल माझ्या गळ्यात पडली. चाळीसेक ओळी होत्या. ‘ओटीपी टाका’, ‘कागदपत्रं अपलोड करा’ वगैरे. त्यातच एक ओळ मी लिहिली : ‘आपला अर्ज नाकारण्यात आला आहे.’ सेव्ह केलं आणि चहा प्यायला गेलो.

दोन दिवसांनी टेस्टिंग करताना उगाच स्वतःचा खरा पत्ता टाकला. पगार बरा आहे, कुठलाच हप्ता कधी चुकलेला नाही, तरी स्क्रीनवर माझंच वाक्य माझ्यासमोर आलं. कोड उघडून बघितला. आत पिनकोडची एक यादी होती आणि तिला नाव दिलं होतं ‘निगेटिव्ह एरिया’. त्यात माझा पिनकोड होता. यादी कोणी केली, कधी केली, कशावरून केली, याची नोंद कुठेच नव्हती. ती ‘क्लायंटकडून आली’ होती, एवढंच सगळे सांगत होते.

मी मानखुर्दला राहतो, एका पुनर्वसन वसाहतीत. त्या रात्री घरी जाऊन कपाटातली कागदांची प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, माझे दाखले, आणि २००४ सालचं पप्पांच्या नावाचं एक पत्र. आमची झोपडी तेव्हा रेल्वे रुळांच्या कडेला होती आणि मी सात वर्षांचा होतो. पत्रात लिहिलं होतं, की सदर कुटुंबाचे पुनर्वसन करण्यात येत आहे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्याबद्दल जे वाक्य लिहिलं, तेच आता मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहून बसलो होतो. फक्त क्रियापद बदललं होतं.

तेव्हापासून एक नाद लागला. आमच्या वॉर्डाबद्दल जे जे लिहिलेलं मिळेल ते वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : कर्ता कोण? समीक्षा कादंबरीची होते, कवितेची होते. अहवालाची का होऊ नये? आठ लाख माणसांचं आयुष्य ज्या मजकुरावरून ठरतं, तो मजकूर कसा लिहिलाय हे बघायलाच हवं.

*

आधी व्याकरण. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे दहावीपर्यंतचं जेवढं आठवतं तेवढंच. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याच्या मागे चालतं, पण राम कुठे गेलेला नाही. ‘ने’ लावून तो तिथेच उभा आहे. मराठीतला हा घरगुती कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवत नाही. सरकारी ‘-ण्यात आले’ मात्र कर्त्यावाचून पूर्ण होतं. ‘आंबा खाण्यात आला.’ घरात कोणी असं बोललं तर आपण लगेच ओळखतो, की आंबा यानेच खाल्लाय. कार्यालयातून असं पत्र आलं की मात्र आपण ते घडी घालून कपाटात ठेवतो.

एम पूर्व हा मुंबई महापालिकेच्या प्रशासकीय वॉर्डांपैकी एक. गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चीता कॅम्प, ट्रॉम्बे, अणुशक्तीनगर हे सगळं त्यात येतं. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८,०७,७२० होती. त्या आकड्यातल्या शेवटच्या शून्याच्या आधी कुठेतरी चौदा वर्षांचा मी आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. म्हणजे सरकारी हिशेबात मी अजून नववीतच आहे.

या वॉर्डाबद्दलचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा मजकूर म्हणजे महापालिकेचा ‘मुंबई मानव विकास अहवाल २००९’. त्यातल्या मानव विकास निर्देशांकात एम पूर्वचा आकडा होता ०.०५, सगळ्या वॉर्डांमध्ये तळाचा. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय ३९ वर्षांच्या आसपास. २००१ च्या जनगणनेप्रमाणे तीन चतुर्थांशाहून जास्त लोक झोपडपट्टीत. आमच्या भागावरची कुठलीही बातमी, कुठलाही प्रकल्प अहवाल उघडा. यांतला एक तरी आकडा पहिल्या परिच्छेदात भेटतोच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. स्वतःच्या कारभाराचं असं प्रगतिपुस्तक महापालिकेने स्वतःच छापलं, हे सोपं काम नव्हतं. बाकीच्या संस्था असे आकडे फायलीत ठेवतात. पण आकडे छापणं वेगळं आणि ते वाचायला शिकवणं वेगळं.

३९ वर्षांचंच घ्या. बातम्यांमध्ये याचं ‘आयुर्मान’ होतं. ‘गोवंडीचा माणूस चाळिशी गाठत नाही’ असं मला कॉलेजमध्ये एका मित्राने ऐकवलं होतं. तेव्हा माझी आजी शेजारच्या खोलीत पासष्टीची, खणखणीत. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. त्या वर्षी जे मेले त्यांच्या वयांची ती सरासरी असते. वस्तीत लहान मुलं आणि तरुण जास्त असतील, तर मरणाऱ्यांतही ते जास्त दिसणार आणि सरासरी खाली येणार. डेटाबरोबर काम करणाऱ्या कुणालाही ही चूक पहिल्या वर्षात समजते. पण चूक दुरुस्त केल्यावर दिलासा मिळतो का? नाही. उलट नेमका प्रश्न पुढे येतो : एवढी मुलं आणि तरुण कशाने मेले? ‘चाळिशी गाठत नाहीत’ म्हटलं की ते नशीब वाटतं. ‘मुलं मरताहेत’ म्हटलं की डॉक्टर, पाणी, दवाखाना यांच्याबद्दल बोलावं लागतं. चुकीचं वाक्य जास्त भयंकर आहे, आणि तेच जास्त सोयीचंही आहे.

०.०५ चंही तसंच. निर्देशांक ही मोजपट्टी असते आणि तिची टोकं कुठे ठेवली यावर आकडा ठरतो. तो वॉर्डांची एकमेकांशी तुलना करायला ठीक. पण अहवालातून बाहेर पडला की तो माणसांना चिकटतो. आणि वॉर्डाची सरासरी कुणाचीच नसते. याच वॉर्डात अणुशक्तीनगर आहे, जिथे शास्त्रज्ञांची क्वार्टर्स आणि गर्द झाडी आहे. याच वॉर्डात टाटा समाजविज्ञान संस्था आहे. आणि देशाला लोकसंख्याशास्त्र शिकवणारी, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही इथेच, गोवंडी स्टेशनजवळ आहे. भारतभरच्या कुटुंबांची मोजदाद जिथून होते, तिथून मिनिमम भाड्याच्या रिक्षाने ०.०५ ला जाता येतं.

झोपडपट्टीच्या टक्केवारीचा तर मी चालताबोलता नमुना आहे. २००४ मध्ये आम्ही रुळांकडेच्या झोपडीतून सातमजली इमारतीत आलो, तेव्हा मुंबईतलं एक झोपडपट्टीवासी कुटुंब कमी झालं. कागदावर ही प्रगती. पण मम्मीची धुणीभांड्याची चार घरं होती कुर्ल्याला, ती दोनवर आली. पप्पांचा प्रवासाचा खर्च वाढला. खोली मिळाली २२५ चौरस फुटांची, त्यात संडास-बाथरूम आत, ही मोठी गोष्ट, नाकारणार नाही. पण समोरची इमारत इतकी जवळ, की आमच्या पहिल्या मजल्यावर दिवसाही ट्यूबलाइट लागते. मी इंजिनिअरिंगचा सगळा अभ्यास त्या ट्यूबलाइटखाली केला. अहवालात यातलं काही बसत नाही, कारण अहवालाच्या दृष्टीने आमचं जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

*

आमच्या कामात ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडच्या कुठल्याही फाइलवर चालवली की प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख येते : ही ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली. नाव ‘ब्लेम’ असलं तरी कुणाला फासावर द्यायला ती वापरत नाहीत. ही ओळ का लिहिली गेली हे विचारायला माणूस सापडावा, एवढाच हेतू. मी ही कमांड एम पूर्ववर चालवून बघितली.

१९०६ : कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वेमार्ग पडला, तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्यावरून प्रवास करायला १९२४ उजाडलं. आज ज्या हार्बर लाइनवर मी लटकत ऑफिसला जातो, तिच्या या तुकड्याचा पहिला प्रवासी कचरा होता.

१९२७ : देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं. तेव्हा हा भाग शहराच्या हद्दीबाहेर होता. शहराने आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकला, आणि पुढे ते दारच शहरात आलं.

१९७१ : वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला.

१९७० च्या दशकाची सुरुवात : शहरात ठिकठिकाणी झोपड्या पाडून तिथल्या लोकांना डम्पिंगच्या पायथ्याशी शिवाजीनगर-बैंगनवाडीत जागा दिली गेली. फोनवर सॅटेलाइट नकाशा उघडा आणि शिवाजीनगर झूम करा. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, ओळीने सारखे तुकडे. दहा बाय पंधरा फुटांचे हे प्लॉट महापालिकेने आखले होते. पत्तेसुद्धा रोड नंबर, लाइन, प्लॉट नंबर असे. आपण ‘अनियोजित वस्ती’ म्हणतो तिचा हा चक्क आराखडा आहे.

मे १९७६, आणीबाणी : अणुसंशोधन केंद्राच्या गरजेसाठी जनता कॉलनी उठवली गेली आणि तिथल्या लोकांना चीता कॅम्पला हलवलं गेलं.

२००२ नंतर : जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला. रेल्वे वेगाने धावावी, रस्ते रुंद व्हावेत, म्हणून रुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या हजारो कुटुंबांना हलवण्यात आलं. त्यातली पुष्कळ लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका इथल्या इमारतींमध्ये आली. आम्ही त्यातलेच.

२०२४ : डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जमीन राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी देऊ केली. धारावीत जे ‘अपात्र’ ठरतील, त्यांची घरं इथे होणार. जमिनीवरचा कचरा आधी उचलायचाय, ते काम महापालिकेकडे.

ही यादी एका दमात वाचली की एक गोष्ट ठसठशीत दिसते. एम पूर्व वसलेला नाही, वसवलेला आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ शहराला जे जे नजरेआड करायचं होतं, कचरा, जनावरांचं रक्त, गरीब माणसं, ते एकाच दिशेला पाठवलं गेलं. प्रत्येक वेळी काहीतरी सही झाली, तारीख पडली, खर्च मंजूर झाला. आणि शेवटी अहवालाने त्या सगळ्याची बेरीज ०.०५ अशी एका निर्जीव आकड्यात केली. जणू आम्हीच नापास झालो होतो. पेपर कुणी काढला हे गुणपत्रिकेवर नव्हतं.

*

अहवालात कर्ता सापडत नाही, मग साहित्यात सापडतो का?

मुंबईच्या वस्त्या मराठीने पुष्कळ लिहिल्या. जयवंत दळवींची ‘चक्र’ १९६३ ची, मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ १९६९ ची, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. गिरणगाव तर जयंत पवारांच्या कथांपर्यंत सतत लिहिला गेला. पण देवनारच्या डोंगरावरचं जे पुस्तक अलीकडे सगळ्यांत जास्त वाचलं गेलं, ते इंग्रजीत आहे : सौम्या रॉय यांचं ‘माउंटन टेल्स’, २०२१ चं. मी ते लोकलमध्ये, फोनवर वाचून संपवलं. मानखुर्द स्टेशनवर उतरताना पुस्तकातला आणि नाकातला वास एकच होता.

रॉय कचरा वेचणाऱ्यांना लहान कर्जं देणाऱ्या संस्थेच्या कामातून त्या वस्तीत पोचल्या आणि अनेक वर्षं जात राहिल्या. पुस्तकाच्या मध्यभागी डोंगरावरच वाढलेली एक मुलगी आणि तिचं कुटुंब आहे. या पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम हे, की त्यातल्या माणसांना निर्देशांक नाही. त्यांना आवडीनिवडी आहेत, भांडणं आहेत, प्रेमं आहेत. कचऱ्यात काय सापडलं की दिवस चांगला, हे त्यांना शेअर दलालासारखं कळतं. जानेवारी २०१६ ची आग यात आतून येते. त्या आगीचा धूर मला आठवतो. शहरभर तो पसरला तेव्हा बातम्या झाल्या, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मी कॉलेजला होतो आणि लायब्ररीत शेजारी बसलेल्या मुलाने नाक मुरडून विचारलं, ‘कसला वास येतोय रे?’ वास माझ्या शर्टाचा होता. पुस्तक वाचताना पहिल्यांदा वाटलं, की हे कुणाला तरी माहीत आहे.

तरीही एका जागी हे पुस्तक मला खटकलं. रॉय यांच्या गद्यात डोंगर जिवंत होतो. तो वाढतो, गिळतो, झपाटतो. डोंगरावरच्या भुताखेतांच्या गोष्टी येतात. वस्तीतले लोक तसं बोलतात, हे खरंच आहे. पण लेखिकेचं वाक्यही त्या सुरात गेलं, की डोंगर हाच कर्ता होतो. आणि डोंगर कर्ता झाला की तो निसर्ग वाटू लागतो, सह्याद्रीसारखा. देवनारचा डोंगर सह्याद्री नाही. त्याचा प्रत्येक थर कुठल्या तरी गाडीने, कुठल्या तरी कंत्राटाखाली, कुठल्या तरी बजेटमधून आणून टाकलाय. ‘आंबा खाण्यात आला’ या वाक्यात राम लपतो. ‘आंब्याने झपाटलं’ या वाक्यातही तो लपतोच, फक्त वाक्य सुंदर असतं.

हे रॉय यांना कळत नाही असं मुळीच नाही. पुस्तकाचा दुसरा धागा कोर्टाचा आहे. डम्पिंग बंद करण्याचे आदेश, मुदती, महापालिकेचे मुदतवाढीचे अर्ज, पुन्हा मुदती. माझ्या मते पुस्तकाची खरी ताकद त्या रुक्ष पानांमध्ये आहे. तिथे डोंगर गप्प असतो आणि तारखा बोलतात. परीक्षणांमध्ये मात्र कौतुक झालं ते झपाटलेल्या डोंगराचं. वाचकांनी काय उचललं याचा दोष लेखिकेवर टाकता येत नाही, पण काय उचलणं सोपं केलं गेलं हे विचारता येतं.

*

मग कर्त्यासकट लिहिलेला मजकूर कुठे आहे? मला तो अनपेक्षित ठिकाणी मिळाला. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी आमच्यासारख्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास मांडला : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. प्रश्न असा, की इथे क्षयरोग एवढा का? त्यांनी लोकांच्या सवयींवर बोट ठेवून काम संपवलं नाही. इमारती मोजल्या. दोन इमारतींमधलं अंतर, खिडकीतून येणारा उजेड, खोलीत खेळणारी हवा. जिथे उजेड आणि हवा कमी, तिथे क्षयरोग जास्त, असं त्यांना आढळलं. आणि इमारती एवढ्या जवळ का, तर पुनर्वसनाच्या इमारतींसाठी बांधकामाच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या.

यात कविता नाही, झपाटणं नाही. पण कारण आहे, आणि कारणाच्या मागे एक नियम आहे, आणि नियम माणसं करतात. आमच्या मजल्यावर दोन घरांत टीबी झाला होता. बायका म्हणायच्या, त्यांच्या घरातच आहे तो. हा अभ्यास वाचल्यावर मी मम्मीला खिडकीजवळ नेऊन दाखवलं, बघ, समोरची भिंत किती लांब आहे. ती म्हणाली, ‘वीस वर्षं बघतेय. तुला आज कळलं?’

*

आता कारभार. कर्ता शोधायला निघालेला माणूस शेवटी वॉर्ड ऑफिसलाच पोचतो.

‘वॉर्ड’ हा शब्द आपण असा वापरतो, जणू ते एक छोटं सरकार आहे. ते तसं नाही. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते आणि त्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. आयुक्त राज्य सरकार नेमतं. वॉर्डाचा प्रमुख साहाय्यक आयुक्त, तोही नेमलेला. आम्ही निवडून देतो ते नगरसेवक. शहरात एकूण २२७. त्यांच्या प्रभाग समित्या असतात, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने त्यांना आधार दिला. पण वॉर्डाला स्वतःचा कर लावता येत नाही, स्वतःची जमीन ठरवता येत नाही. आपल्या हद्दीत डम्पिंग हवं की नको, पुढची पुनर्वसन वसाहत कुठे, हे एम पूर्वने कधीच ठरवलेलं नाही. वॉर्ड हा पत्ता आहे, सरकार नव्हे.

आणि जी काही निवडलेली माणसं होती, तीही ७ मार्च २०२२ ला मुदत संपून घरी गेली. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच. २०२५-२६ चं ७४ हजार कोटींहून जास्त रुपयांचं बजेट या काळात एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झालं. ‘मंजूर करण्यात आले’ हे वाक्य एरवी व्याकरणाची सवय असतं. त्या चार वर्षांत ते वस्तुस्थितीचं तंतोतंत वर्णन होतं. डम्पिंगच्या १२४ एकरांचा निर्णयही त्याच काळातला, आणि तो घेतला राज्य सरकारने.

नगरसेवक असते तर सगळं बरं झालं असतं, असा माझा भाबडा समज नाही. आमच्या नगरसेवकाकडे मी लहानपणी मम्मीबरोबर पाण्यासाठी गेलो होतो. दोन तास बसवून त्याने चहा पाजला, पाणी नाही. पण ज्याच्या दारात जाऊन बसता येतं, तो कर्ता असतो. प्रशासकाच्या दारात कुणी बसायचं?

*

इथवर लिहून झाल्यावर मी हा लेख एका मैत्रिणीला वाचायला दिला. तीही गोवंडीचीच, शिवाजीनगरच्या शाळेत शिकवते. तिने एकच शेरा दिला : ‘तुझ्या लेखात सरकार कर्ता झालं, छान. पण आपण पुन्हा कर्मच राहिलो ना रे?’

तिचं बरोबर आहे. मी केलेल्या यादीत माणसं फक्त हलवली जातात. पण दहा बाय पंधराच्या प्लॉटवर दोन मजली घर उभं केलं ते लोकांनी. जरीकाम, चामड्याचं काम, भंगाराचे कारखाने हे त्यांनी उभे केले. डम्पिंगच्या आणि प्रदूषणाच्या विरोधात कोर्टात गेले तेही इथले आणि शेजारचे रहिवासी. आमच्या इमारतीची लिफ्ट पाच वर्षं बंद होती. ती चालू झाली, कारण सात बायकांनी सोसायटीच्या ऑफिससमोर तीन दिवस भाजी निवडत ठाण मांडलं. अहवालाने, पुस्तकाने आणि माझ्या गिट ब्लेमने ही वाक्यं सोडली, कारण ती कुठल्याच फाइलमध्ये नसतात.

त्या पत्राची गोष्ट मी मम्मीला सांगितली. ‘पुनर्वसन करण्यात येत आहे’ यात चूक काय, हे तिला समजावत होतो. तिला कर्तरी-कर्मणी माहीत नाही, ती चौथीपर्यंत शिकली. ती भांडी घासत होती. म्हणाली, ‘आम्ही तर असं कधी म्हणालोच नाही. आम्ही म्हणायचो, त्यांनी आणून टाकलं.’

त्यांनी. आणून. टाकलं. कर्ता आहे, कर्म आम्ही आहोत, आणि क्रियापद तेच आहे जे आपण कचऱ्याला वापरतो. वॉर्डाबद्दल मी जे काही वाचलं, त्यात इतकं अचूक वाक्य मला दुसरं मिळालं नाही. आणि असं म्हणणाऱ्या बाईने त्याच जागी वीस वर्षं संसार केला, मुलाला इंजिनिअर केलं. ते वाक्यही तिचंच, आणि त्याची कर्ती ती आहे.

मी ॲपमधली ओळ बदलायचं ठरवलं. नवीन ओळ लिहिली : ‘आम्ही तुमचा अर्ज नाकारला आहे. कारण : तुमचा पत्ता.’ रिव्ह्यूला पाठवली. तीन दिवस चर्चा झाली. पहिलं वाक्य त्यांनी ठेवलं. दुसऱ्याला लीगलने नकार दिला. पिनकोडची यादी तशीच आहे.

पण आता त्या फाइलच्या त्या ओळीवर गिट ब्लेम चालवलं, तर समोर माझं नाव येतं.